दगडी भिंत, टाइल आणि फरशीवरची काजळी कशी काढावी? (ओला फडका मारून बसलेय)

धूसर | रवि, २२:१०

नमस्कार मंडळी. परवा मागच्या खोलीत वायरींच्या भेंडोळ्याने पेट घेतला. मेन स्विच पाडला, वाळूची बादली ओतली, दहा मिनिटांत आग विझली. कुणाला काही झालं नाही. इलेक्ट्रिशियन येऊन सगळं तपासून गेलाय, त्यामुळे ती काळजी नको. पण प्लास्टिक जळून जो धूर झाला, त्याने खोली अशी काही माखलीय की काय सांगू.

जागा तीन प्रकारची आहे. एक भिंत उघड्या दगडाची, पिवळसर चुनखडीची, खरबरीत. समोरच्या भिंतीला कमरेपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, मधे ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला. खाली संगमरवर.

आता कबुली. घाबरून मी आधी ओला फडका घेतला. दगडावर एक हात फिरवला तर काळं होतं त्याचं राखाडी झालं, आणि ते राखाडी दगडात जाऊन बसलं. हात मारला तेवढा पट्टा आता बाकीच्या भिंतीपेक्षा वाईट दिसतोय. मग फरशीच्या एका कोपऱ्यात टॉयलेट क्लीनर ओतलं. फसफसलं, मला वाटलं काम करतंय. पुसल्यावर काजळी गेली, पण तिथे पांढुरका निस्तेज डाग उरलाय, तळहाताएवढा. पुढे काय करू?

उगाच | रवि, २२:२५

उरलेली खोलीही काळी रंगवून टाका. एकसारखी दिसेल.

(वाचतोय. माझ्याकडेही एक भिंत आहे.)

टाकी-हातोडा | रवि, २३:०२

धूसर, आधी हातातला फडका खाली ठेवा. पाणी, साबण, स्प्रे, उद्या यातलं काहीही नको.

मी जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीची कामं करतो. आगीनंतरचं अर्धं नुकसान आगीने केलेलं नसतं, पहिल्या दिवशी पोतेरं घेऊन धावलेल्या माणसाने केलेलं असतं. काजळी म्हणजे डाग नव्हे. ती भुकटी आहे, दगडाला नुसती टेकलेली. टेकलेली आहे तोवर ती उचलता येते. पाणी लावलं की तिचा लेंदा होतो आणि दगडाची छिद्रं तो पिऊन घेतात. तुमचा राखाडी पट्टा म्हणजे नेमकं तेच.

उद्या करायचं ते एवढंच. पंखा बंद. झाडू अजिबात नाही, झाडूने काजळी फक्त जागा बदलते. बारीक फिल्टरचा, म्हणजे हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम घ्या, नळीला मऊ केसांचा ब्रश लावा आणि भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून वरून खाली या. ब्रश दाबला की काजळी घासली जाते. साधा व्हॅक्यूम वापरलात तर पुढून ओढलेलं मागून खोलीभर फेकाल.

त्यानंतर कोरडा स्पंज. आगीनंतरच्या सफाईचं सामान मिळतं तिथे हा मिळतो. दिसायला साध्या स्पंजासारखा असतो, पण असतो गंधक घालून पक्क्या केलेल्या नैसर्गिक रबराचा. तो कोरडाच वापरायचा, कधीही भिजवायचा नाही. वरून खाली एक सरळ ओढ, मग शेजारी दुसरी, पहिलीवर थोडी चढवून. गोल गोल घासायचं नाही. स्पंजाची बाजू काळी झाली की उलटा, सगळ्या बाजू काळ्या झाल्या की धारदार सुरीने वरचा काप उडवायचा. आत परत स्वच्छ रबर.

टाइलवरही आधी हेच. टाइल चकचकीत आहे म्हणून थेट पाणी मारायचा मोह होईल. ग्राउट मधे आहे हे विसरू नका.

रसायनी | सोम, ००:१४

टाकी-हातोडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. कारण जोडतो, म्हणजे उद्या कुणी "अमुक टाकून बघा" म्हणालं तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

काजळीचे मूळ कण साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे, एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके झालेले. हा जवळजवळ निव्वळ कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, आम्लात नाही, सोड्यात नाही, ब्लीचने पांढरा होत नाही. कार्बन "काढणारं" घरगुती रसायन अस्तित्वातच नाही. मग साबणाने काजळी जाते ती कशी? तर या कणांवर अर्धवट जळलेल्या पदार्थांचा तेलकट, डांबरी थर असतो. पकडून ठेवायचं काम त्या थराचं. अल्कधर्मी साबण त्याला सोडवतो आणि कण तरंगत बाहेर येतात. म्हणजे लढाई काळ्याशी नाही, चिकटपणाशी आहे.

तुमच्याकडे आणखी एक भानगड आहे. वायरीचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यामुळे तुमची काजळी आम्लधर्मी आहे. चुनखडी आणि संगमरवर दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, दोन्हींना आम्ल खातं. काम महिनाभर लांबवू नका, आणि खोलीतले कडीकोयंडे, बिजागऱ्या, नळ आधी पुसून घ्या, नाहीतर गंज चढेल.

टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा तेच आम्ल असतं. ते फसफसणं म्हणजे सफाई नव्हती, फरशी विरघळत होती. काजळी गेली कारण तिच्याखालचा संगमरवरच गेला.

आळशी नंबर एक | सोम, ०८:४०

एवढं कशाला? व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, फेस येतो, सगळं निघतं. मी बेसिन असंच धुते.

रसायनी | सोम, ०९:०५

ताई, फेस बघायला छान असतो. पण आम्ल आणि सोडा एकत्र आले की एकमेकांना संपवतात, हाती उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्यात ना आम्लाचा जोर ना सोड्याचा. आणि व्हिनेगर जास्त पडलं तर संगमरवराचं पुन्हा तेच.

आपला दगड कुठला हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुन्याच्या कुळातला दगड, आम्ल बंद. नाही आले तर ग्रॅनाइट, बेसाल्ट किंवा वालुकाश्म असू शकतो. काही वालुकाश्मांचे कण चुन्यानेच जोडलेले असतात, तेही फसफसतात. थेंब लगेच पुसा.

आणि कुणीही, कधीही: ब्लीचमध्ये आम्ल टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. ब्लीचमध्ये अमोनियाही नको, क्लोरामाइन होतात. बंद खोलीत हे जिवावर बेततं.

आळशी नंबर एक | सोम, ०९:११

बेसिन स्वच्छ होतं हो पण.

उगाच | सोम, ०९:३०

प्रेशर वॉशर? माझ्याकडे पडून आहे, वापरायला निमित्त मिळत नाही.

टाकी-हातोडा | सोम, १३:२०

उगाच, पडूनच राहू द्या. जोराचं पाणी काजळीला दगडात आणखी आत ढकलतं आणि सांध्यांमधून पाणी भिंतीच्या पोटात जातं. पुढे वर्षभर भिंत ओल आणि क्षार ओकत बसते.

तारेचा ब्रशही नको. चुनखडीला चरे पडतात, आणि तुटलेले लोखंडाचे कण दगडात अडकून महिन्याभरात गंजाचे ठिपके उमटतात. मग तुम्ही काजळीऐवजी गंजाचा धागा काढाल.

वाचनमात्र | सोम, १५:४५

एरवी मी नुसती वाचते, पण हे सांगावंसं वाटलं. काजळी कोरडी उचलायची कल्पना जुनी आहे. कोळशाच्या शेगड्यांच्या काळात भिंतीवरच्या कागदाला धरलेली काजळी काढायला कणकेसारखा मऊ गोळा विकत मिळायचा. तो भिंतीवर दाबून फिरवायचा, काळं त्याला चिकटून यायचं. कोळसा मागे पडला तसा तो गोळाही खपेना. मग १९५०च्या दशकात अमेरिकेत त्याच गोळ्याचं मुलांचं खेळणं झालं, प्ले-डो. आज मुलं ज्याचे हत्ती करतात ते मूळचं भिंत पुसायचं साहित्य.

धूसर | मंगळ, २१:४०

अपडेट. काल-आज मिळून व्हॅक्यूम आणि स्पंज झालं. विश्वास बसत नाहीये.

स्पंज पहिल्यांदा ओढला तेव्हा मागे एक पिवळा रस्ता उमटला, जणू कुणी पडदा सरकवला. स्पंजाची बाजू मात्र दोन ओढीत कोळसा. कापाचा तुकडा खाली पडला तो वरून काळाकुट्ट आणि कडेने तसाच पिवळट, आत काही शिरलेलंच नाही. सहा स्पंज संपवले. दगडाचा साधारण तीन चतुर्थांश भाग, फारसं पाणी न लावता, ओळखू येण्याइतका स्वच्छ झालाय.

राहिलं काय? (१) माझा तो राखाडी पट्टा. स्पंज त्याला काहीच करत नाही. (२) टाइल्स पिवळट, बोट लावलं तर मेणचट. ग्राउट काळं. (३) जिथे वायरी जळल्या तिथे दगडावर गुडघ्याच्या उंचीला वीतभर गुलाबी झाक आली आहे. हा कसला डाग? (४) फरशीवरचा माझा पराक्रम.

रसायनी | मंगळ, २२:३०

झकास काम. आधी एक विचारतो: मास्क, हातमोजे, गॉगल घातले होते ना? एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे मोजे. काजळीच्या तेलकट थरात कर्करोगकारक संयुगं असतात. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता. एखाद्या खोलीने काही होत नाही, पण हाताने चोळून कपड्याला पुसायची सवय नको.

आता टाइल. झिलई म्हणजे काचच, तिला सोडा सोसतो. ५ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा द्रव साबण. खायचा नव्हे, धुण्याचा. खायच्या सोड्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा, ७ म्हणजे मधोमध) जेमतेम ८ च्या पुढे, धुण्याच्याचा ११ च्या आसपास. तेलकट थर सोडवायला तो फरक लागतो. फडका टाइलवर पाचेक मिनिटं ओला राहू द्या, मग पुसा. पाणी करडं झालं की बदला, त्याच बादलीत फडका बुडवत राहिलात तर काजळीच परत सारवाल.

ग्राउटसाठी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांचं ऑक्सिजन ब्लीच. कोमट पाण्यात कालवून सांध्यांवर थापा, वीस मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासा. डांबरी पिवळेपणा जाईल, बराचसा काळेपणा फेसाबरोबर उचलला जाईल. पूर्ण पांढरं होईलच असं नाही. आम्ल इथेही नको, ग्राउट सिमेंटचं असतं.

मेलामाइनचा तो पांढरा "जादूचा" स्पंज टाइलवर जपून, संगमरवरावर नकोच. तो मुळात अतिबारीक पॉलिश पेपर आहे, चकाकी मारतो.

टाकी-हातोडा | बुध, ०७:१५

धुताना दिशा उलटी. कोरडं काम वरून खाली, ओलं काम खालून वर. लोकांना हे पटत नाही. वरून सुरुवात केली की काळं पाणी खालच्या कोरड्या, मळक्या टाइलवर ओघळतं आणि ओघळाची रेघ तिथे धरून बसते. खालचा भाग आधीच ओला आणि स्वच्छ असेल तर तेच पाणी घसरून जातं. शेवटचं साधं पाणी मात्र वरून.

दगडावर धुण्याचा सोडा वापरू नका. टाइलवरून तो धुऊन जातो, दगडात मुरतो आणि वाळताना पांढरे क्षार होऊन फुटतो. दगडाला पीएच ७ च्या आसपासचा साबण. त्याआधी भिंत स्वच्छ पाण्याने ओली करा, म्हणजे छिद्रं पाण्याने भरलेली राहतील आणि मळ आत ओढला जाणार नाही. हे ओलं करणं फक्त कोरडी सफाई पूर्ण झाल्यावर, नाहीतर परत पहिल्या दिवसावर.

राखाडी पट्ट्याला लेप लावावा लागेल. केओलिन (पांढरी चिनी माती) किंवा डायटोमाइट (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची शोषक भुकटी) घ्या, त्याच सौम्य साबणाच्या पाण्यात कालवा, रंगारी लांबी भरायला घेतो तितकं घट्ट. अर्धा ते एक सेंटिमीटर जाड थापा, पट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं. वर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. चोवीस तासांनी प्लास्टिक काढा आणि लेप आपोआप वाळू द्या. खरं काम या वाळण्यात होतं: ओलावा बाहेर येताना मळ सोबत आणतो आणि मातीत सोडतो. घाई करून ओलाच खरवडलात तर काही मिळणार नाही. लाकडी पट्टीने काढा. दोन-तीन वेळा करावं लागेल. आधी बोटाएवढ्या जागेवर करून बघा.

मोठ्या कामात याचंच सुधारलेलं रूप वापरतात. पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ ला जळालं, त्यानंतर आतल्या चुनखडीच्या भिंती आधी व्हॅक्यूमने साफ केल्या आणि मग त्यांवर लेटेक्सचा (पातळ रबराचा) थर देऊन तो वाळल्यावर सालीसारखा सोलून काढला. धूळ, काजळी, वितळलेल्या छताच्या शिशाची भुकटी, सगळं सालीबरोबर. पाण्याचे पाट वाहवले नाहीत.

वाचनमात्र | बुध, ११:०५

आणि लेझर? मूर्तींवर वापरतात म्हणे.

टाकी-हातोडा | बुध, १३:४०

वापरतात. काळा थर किरण शोषतो, तापतो आणि उडून जातो. खालचा फिकट दगड तोच किरण परतवतो, त्यामुळे काळं संपलं की काम आपसूक थांबतं. १९७०च्या दशकात जॉन ॲस्मस यांनी व्हेनिसमध्ये हे करून दाखवलं. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयातल्या स्तंभकन्या, म्हणजे खांब म्हणून घडवलेल्या संगमरवरी स्त्रीमूर्ती, अशाच साफ झाल्या. कधीकधी नंतर दगड पिवळट दिसतो, म्हणून तिथे दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण एकत्र वापरले.

पण तिथलं काळं वेगळं. उघड्यावरच्या संगमरवरावर हवेतल्या गंधकाने जिप्सम तयार होतं आणि काजळी त्यात गाडली जाते. पावसाने धुतला जाणारा भाग पांढरा राहतो, आडोशाचा काळा पडतो. ते कवच असतं. धूसर यांची नुसती पावडर आहे, तिला तोफ नको.

कोपरा | बुध, १९:२०

धागा थोडा पळवतेय, माफी. आमच्या जुन्या फायरप्लेसच्या टाइल्सवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा आहेत. घासून हात गेले, पण रेघा तिथेच. ब्लीच लावून ठेवू का रात्रभर?

रसायनी | बुध, २०:०२

नको. त्या रेघा टाइलवर नाहीत, झिलईच्या आत आहेत. तापून-थंड होऊन झिलईला केसांसारखे तडे गेलेत आणि काजळी त्यातून खालच्या मातीपर्यंत उतरलीय. ब्लीचही त्याच वाटेने उतरेल, त्याचे क्षार झिलईखाली स्फटिक होऊन तिचे टवके उडवतील. वर सांगितलेला मातीचा लेप लावा, दोन-तीन वेळा. रेघा फिक्या होतील, पुसल्या जाणार नाहीत. मला तर जुन्या टाइलला त्या शोभतात असं वाटतं, पण घासून हात तुमचे गेलेत.

टाकी-हातोडा | बुध, २१:१०

धूसर, तुमचा गुलाबी डाग विसरलो नाही. उद्या उजेडात एक करा. त्या भागातून एखादा सुटलेला टवका मिळतो का बघा आणि तो मोडून आत कुठला रंग आहे ते सांगा. आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवा, आधी चांगल्या जागी, मग गुलाबी जागी.

धूसर | गुरू, १८:३३

खालच्या कडेला नखाएवढा टवका सुटलेला होता. मोडला. बाहेरून गुलाबी, आतही तीन-चार मिलिमीटर गुलाबी, मग एकदम पिवळा. मधली रेघ पेन्सिलने आखल्यासारखी. वाजवलं तर चांगल्या जागी टक्-टक्, गुलाबीत एका ठिकाणी ढब् असा आवाज आला.

टाकी-हातोडा | गुरू, २१:०८

मग हा डाग नाही. भाजलेला दगड आहे. पिवळ्या चुनखडीचा पिवळेपणा तिच्यातल्या पाणीधारी लोह ऑक्साइडचा. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला त्यातलं पाणी निघून जातं आणि हेमॅटाइट होतं, म्हणजे गेरूतला लाल. हा रंग परत फिरत नाही. तिथे लेप, साबण, घासणं, सगळं फुकट, आणि घासून घासून दगड मात्र झिजेल. आगीचा तपास करणारे लोक याच गुलाबी रेषेवरून दगड किती खोल तापला ते वाचतात.

तुमच्याकडे तीन-चार मिलिमीटरच आहे, भिंतीला धोका नाही. दगड ८०० अंशांपुढे गेला असता तर त्याचा चुना होऊन भुगा पडला असता. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी, त्यातलं क्वार्ट्झ हे खनिज ५७३ अंशांना एकदम फुगतं आणि दगड तडकतो. जिथे ढब् वाजलं तिथला पापुद्रा मात्र आज ना उद्या सुटेल. कुणा जाणकाराकडून चुन्याच्या पातळ मसाल्याने आतून भरून घ्या. सिमेंट नको.

रसायनी | गुरू, २१:५०

फरशीचं राहिलं. निस्तेज डाग म्हणजे वर काही चिकटलेलं नाही, चकाकी खाल्ली गेली आहे. त्यामुळे पुसून जाणार नाही, पॉलिशच लागेल. बोट फिरवून बघा. खरखर लागत नसेल तर संगमरवर पॉलिश करायची पावडर, थोडं पाणी आणि नमद्याचा बोळा घेऊन पंधरा-वीस मिनिटं घासल्यावर चकाकी येते. खरखर लागत असेल तर आधी हिऱ्याचे पॅड, ४०० नंबरच्या जाड दाण्यापासून ३००० च्या बारीक दाण्यापर्यंत चढत्या क्रमाने. ते तळहाताएवढ्या जागेसाठी करू नका, खळगा पडेल आणि उजेडात लाटेसारखा दिसेल. पॉलिशवाल्याला बोलवा. उरलेल्या फरशीला फक्त सौम्य साबण आणि मऊ फडका.

धूसर | रवि (पुढचा), २०:१५

टाइल्स पांढऱ्या झाल्या. नऊ बादल्या पाणी बदललं. ग्राउट नव्यासारखं नाही, करडं आहे, चालेल. राखाडी पट्ट्यावर दोन लेप झाले. दुसरा लेप वाळून निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर माझ्या फडक्याचा फराटा उमटला होता, पाच बोटांसकट. भिंतीवर अजून थोडा आहे. तिसरा लेप उद्या.

फरशी हाताला खरखरीत लागतेय. पॉलिशवाला शनिवारी येणार.

एकच प्रश्न उरला: जळकट वास अजून येतोय, विशेषतः पावसाळी हवेत. सीलर (दगडाची छिद्रं बंद करणारा लेप) मारून टाकू का दगडावर?

टाकी-हातोडा | रवि, २१:३०

आत्ता नाही. सीलर आज मारलात तर वास आणि उरलेली काजळी दोन्ही आत कोंडाल. तिसरा लेप निघू द्या, दगड पूर्ण वाळू द्या, महिनाभर तरी खिडक्या उघड्या ठेवा. नंतर मारायचाच तर वाफ बाहेर सोडणारा, चकचकीत थर देणारा नाही. आणि छत, दिव्यांच्या वरची बाजू, दाराच्या चौकटीची वरची कड पुसली का? वास बहुतेक तिथूनच येतो.

धूसर | रवि, २१:४४

चौकटीची वरची कड. आत्ता शिडी लावून बोट फिरवलं. कोळसा.

स्पंज एक उरलाय.